तिसऱ्या दिवसाचं फूल

मॅडम,

गेल्या आठवड्यात पिशोरला भावाकडं जाऊन आले. कपाशी फुलावर आलीय. भावाची सून मोबाइल घेऊन रानात फिरत होती, एकेका फुलाच्या अगदी तोंडाशी जाऊन फोटो काढत होती. सगळी ताजी, दुधाळ फुलं. लाल पडलेलं, मिटलेलं तिनं एकही काढलं नाही. मी बांधावर बसून बघत होते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तरी घरी आल्यापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलेय.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते मी. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. वनस्पतीशास्त्राच्या तासाला तुम्ही सहज विचारलंत, "कपाशीचं फूल किती दिवस टिकतं?" अर्धा वर्ग कास्तकारांच्या पोरापोरींचा, पण एकालाही नीट सांगता आलं नाही. तुम्ही खडू खाली ठेवलात. "ज्याच्यावर तुमची घरं चालतात, त्याच्याकडं कधी थांबून बघितलंय का?" मी मान खाली घातली. एकाच झाडावर पांढरी फुलं आणि लाल फुलं मी लहानपणापासून बघत आले होते. पण आज पांढरं असलेलंच उद्या लाल होतं, हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवलंत. एकाच फुलाचे उमलल्यापासून गळेपर्यंतचे फोटो तुम्हाला हवे होते, वर्गात पडद्यावर दाखवायला. रंगीत रोल मुंबईहून मागवून ठेवला होतात. "तुझ्या वडिलांच्या रानात चालेल?" मी हो म्हणून बसले. आमच्या घरी शहरातलं कुणी कधी राहायला आलं नव्हतं.

तुम्ही पिशोरला मुक्कामाला आलात तेव्हा आईनं पदर पुढं ओढून तुम्हाला चुलीपाशी पाट दिला. भाकरी मोडता मोडता तुम्ही तिला विचारलंत, फूल लाल कधी पडतं. आई हसली. "दुसऱ्या दिशी. एवढं बी ठाव नाय व्हय पोरीला? मंग कालिजात शिकवतेत काय?" तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "खरी मास्तरीण ही." आईनं न विचारताच तुमच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

सकाळचे आठ वाजलेत. पानांवर अजून दव आहे. बांधापासून तिसऱ्या ओळीतलं एक फूल तुम्ही निवडता आणि देठाला पांढरा दोरा बांधता. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये एक धातूचं कडं बसवलं की फूल एवढं मोठं दिसतं, की आतले पिवळे कण मोजावेत. "तू काढ," तुम्ही म्हणता. मला वाटतं, तुम्ही मला शिकवताय. तुमचा उजवा हात तेव्हाच थरथरायला लागला होता, हे मला फार उशिरा कळलं. वाऱ्यानं फूल हलू नये म्हणून तुम्ही छत्री आडवी धरून उकिडव्या बसता, आणि मी श्वास रोखून बटण दाबते. संध्याकाळी पाकळ्यांच्या कडा गुलाबी होतात. दुसऱ्या दिवशी सगळं फूलच गुलाबी, मिटायला लागलेलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आत मी रानात पोचले. फुलाला पीळ पडला होता, जांभळट चिंधीसारखं ते बोंडाच्या टोकाला चिकटलं होतं. मला ते बघवेना. आतलं हिरवं बोंड तरी छान दिसेल म्हणून मी ती चिंधी चिमटीत धरली आणि काढून टाकली. तुम्ही आलात, वाकून बघितलंत. आवाज चढवला नाहीत.

"हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"मॅडम, सुकलं होतं. चांगलं दिसत नव्हतं."

"सुकलेलं तुला बघवत नाही, ही तुझी अडचण आहे. फुलाची नाही."

मग दोरा सोडून घेतलात आणि दुसरं फूल शोधायला लागलात. म्हणजे आणखी तीन दिवस मुक्काम.

माझी ती चूक झाली नसती तर आज मी कुठं असते, कोण जाणे. चौथ्या दिवशी माझ्या वडिलांनी, बापूंनी, सोयगावच्या एका घरच्या मंडळींना मला बघायला बोलावलं होतं. तोवर तुम्ही गेलेल्या असाल असा त्यांचा हिशेब. मला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. तुम्ही ओसरीवर कॅमेरा पुसत बसलेल्या आणि समोर मुलाचा मामा पोहे खात म्हणतोय, "दिवाळी झाली की उरकून टाकू. पोरीच्या जातीला एवढं शिक्षण लई झालं." मी दाराआड उभी. तुम्ही कॅमेरा खाली ठेवलात आणि बापूंशी उर्दूत बोललात. तुम्ही हैदराबादला शिकलेल्या, बापू निजामाच्या शाळेत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर त्यांच्याशी कुणी इतक्या अदबीनं त्या भाषेत बोललं नसावं. "भाईसाहब, इसका इम्तिहान हो जाने दीजिए. बस, इतनी मेहरबानी." बापू पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "बाई आपल्या दारात बसून मागायलेत. परीक्षा होऊ द्या, मंग बघू." सोयगावची मंडळी परत आली नाहीत. आईनं त्या दिवशी तुमच्या हातावर गूळ ठेवला.

मी पास झाले, शिकवायला लागले. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या, मला पसंत पडलेल्या माणसाशी लग्न केलं आणि शहरातच राहिले. ते फोटो तुम्ही दर वर्षी वर्गात दाखवत राहिलात, तिसऱ्या दिवसाचं ते वाळलेलं फूलसुद्धा. "माझ्या विद्यार्थिनीनं काढलेत," असं सांगायचात म्हणे.

पुढं कंपवातानं तुम्हाला समर्थनगरच्या घरात खुर्चीला खिळवलं. तुमच्या थोरल्या बहीण, ताई, तुमचं सगळं बघत होत्या. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही अडखळत म्हणालात, "रविवारी येत जा. वाचून दाखव काहीतरी. माझ्यानं आता पान उलटत नाही." मी दोन रविवार आले. दुसऱ्या रविवारी ताईंनी तुम्हाला चमच्यानं चहा पाजला. तो हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. ताई पुसत होत्या आणि तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. जाताना म्हणाले, "येते पुढच्या रविवारी." त्यानंतर ताईंना फोन करून सांगायचे, पेपर तपासायचेत, पाहुणे आलेत, लेकराला ताप आहे. ताई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बरं, जमेल तेव्हा ये." असे चार महिने गेले आणि मग तुम्हीच गेलात.

तेराव्याला ताई मला म्हणाल्या, "रविवारी सकाळी वेणी घालून मागायची. म्हणायची, ती येणारेय." त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांचा हात धरून रडले आणि सगळ्यांना वाटलं, किती जीव होता हिचा.

आता ताईही नाहीत. घर पाडून तिथं फ्लॅट झालेत. हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पण एक गोष्ट ना ताईंना सांगितली, ना घरी. त्या चार महिन्यांत एका रविवारी मी आले होते. पुस्तक पिशवीत होतं. फाटकाशी पोचले तर आतून ताईंचा आवाज आला, "थांब, मान वर कर जरा, पावडर लावू दे. येईल ती आता." मी कडीला हात न लावता मागं फिरले, रिक्षा केली. इतक्या लवकर कशी आलीस, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हणाले, मॅडम झोपल्या होत्या.