शनिवारी सुट्टी घेणारी विहीर

बाबा, आज मी आपल्या चाळीतली विहीर बंद केली. आमच्या कामात त्याला सील करणं म्हणतात. झाकणाच्या कडीतून तार ओवायची, पंपाच्या व्हॉल्व्हला दुसरी बांधायची, गाठीवर शिशाचा तुकडा दाबायचा, नोटीस चिकटवायची आणि फोटो काढायचा. पहिल्या फोटोत मागे आपली खिडकी आली, म्हणून थोडं सरकून दुसरा काढला. मी ही नोकरी धरली ती तुम्ही गेल्यावर. जमिनीतलं पाणी कोणी किती उपसायचं याचे नियम असतात, ते पाळायला लावायचे. आधी जिल्ह्यात होते. उसात जाऊन परवानगीपेक्षा खोल नेलेल्या बोअरवेल बंद करायचे. बायका बांधावर उभ्या राहून शिव्या द्यायच्या आणि निघताना चहाही द्यायच्या. पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. पुढे जायला लागलं.

तुमचा नियम एवढाच होता की शनिवारी विहिरीला सुट्टी. शुक्रवारी पाळीवरून आलात की हातपाय धुवायच्या आधी तुम्ही कप्पीला मिलमधून आणलेली कापडाची किनार बांधायचात, आणि रविवारी सकाळी सोडायचात. का, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. गावी तुमचे वडील करायचे म्हणून असेल. सगळं घोडपदेव हसायचं, पण आपल्या चाळीत किनारीला कोणी हात लावला नाही. एकदा शनिवारी अचानक पाहुणे आले आणि आईने गुपचूप एक हंडा काढला. मला अजून दिसतं, आई स्टोव्हला पंप मारतेय आणि तुम्ही स्वयंपाकघरात येऊन तो भरलेला हंडा उचलताय. पाहुण्यांसमोरून तुम्ही तो खाली नेलात आणि विहिरीत रिकामा केलात. आई म्हणाली, "लोकांसमोर माझी शोभा केलीत." तुम्ही म्हणालात, "पावणे इले म्हणान काय झाला? माका आठवड्यातून एक रजा गावता, तिका नको?" त्या दिवशी पाहुण्यांना शेजारच्या घरातल्या पाण्याचा चहा मिळाला, आणि आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला तुमचा राग आला होता, तो पुरता गेलाय असं नाही.

तुमच्यानंतर किनार काही महिने बांधली गेली, मग बांधायची राहून गेली. कमिटीने पंप बसवला. लोअर परळच्या टॉवरांच्या बांधकामाला विहिरीवरून टँकर भरून जायला लागले, सकाळ-संध्याकाळ, शनिवार-रविवार. परवानगी कोणीच घेतली नव्हती. बंदर जवळ, उपसा एवढा, मग खारं पाणी आत येणारच. चाळीतल्याच कोणीतरी तक्रार केली आणि ती माझ्या टेबलावर आली. साहेबांनी विचारलं, "दुसऱ्या कोणाला पाठवू का?" मी म्हटलं, नको. सुनावणीत कमिटीचे सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, तुम्ही तर आपल्याच. टँकर बंद करतो ना, विहीर कशाला बंद करता? नळाला पाणी पहाटे येतं तेवढंच. धुणं, संडास, सगळं हिच्यावर चालतं." ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना तोंडाला काही जाणवत नाही. पाणी पुन्हा गोडं झालं तर सील काढू, असं नोटिशीत लिहिलेलं असतं. मी बंद केलेल्यांपैकी एकही उघडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आज तार आवळतानाही काही वाटलं नाही. वाटेल म्हणून मी थोडी थांबलेसुद्धा. रडू नाही, राग नाही. भूक लागली होती. तेवढ्यात आपल्या शेजारच्या काकी बादली घेऊन आल्या, त्याच, ज्यांच्या घरचं पाणी त्या दिवशी चहाला घेतलं होतं. त्यांना आता नीटसं दिसत नाही. झाकणावर हात फिरवत त्यांनी तार चाचपली, माझा आवाज ओळखला. मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्या म्हणाल्या, "बांधलंस काय गो? बरा केलंस. खूप दिसांनी तिका रजा गावली." आणि जरा थांबून, "आज शनवार मा?"

सोबत आलेला सहकारी माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो काकी."

"मगे उद्या सकाळी सोडतलंस?"

"सोडते."

रिकामी बादली घेऊन त्या कठडा धरत धरत जिना चढून गेल्या. मी रजिस्टरवर सही केली आणि समोरच्या हॉटेलात जाऊन पोटभर जेवले. हे तुम्हाला पोचणार नाही, पोचलं असतं तर लिहिलं नसतं. आज बुधवार आहे, बाबा. उद्या सकाळी त्या बादली घेऊन खाली येतील, आणि मी ऑफिसला चाळीवरून न जाता दुसऱ्या रस्त्याने जाणार आहे.