मोदकांची एकच रांग

शनिवार, १४ सप्टेंबर, वेस्ट विंडसर

जिंकलो! आज इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला सगळ्यांची एकच रांग. देणगीदारांची आधी वेगळी पंगत नाही, की त्यांचं झाल्यावर आम्हा मोदक वळणाऱ्या बायकांच्या ताटात फुटके मोदक नाहीत.

खरं श्रेय माझ्या लेकीचं, सईचं. जूनमध्ये ती क्रांतीआधीच्या फ्रान्सवर प्रोजेक्ट करत होती. तिथल्या सभेत धर्मगुरूंचं एक मत, सरदारांचं एक, आणि राबणाऱ्या, कर भरणाऱ्या, पावासाठी दंगे करणाऱ्या उरलेल्या अख्ख्या देशाचं मिळून एक. म्हणजे हरणार कोण ते ठरलेलंच! माझा कणीक मळता मळता हात थांबला. अरे, हे तर आमचं मंडळ! विश्वस्तांचं एक मत, देणगीदारांचं एक, बाकी सगळ्यांचं मिळून एक. इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही? की फुटका मोदकही गोडच लागत होता?

पुढच्याच मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, "माणशी एक मत द्या, नाहीतर यंदा मोदक वळायला दुसरं कुणी बघा." मागे एकेक करत सगळ्या बायका उभ्या राहिल्या. नियम बदलला, आणि पहिल्याच मतदानात एकच रांग ठरली. सई म्हणाली, "मॉम, यू जस्ट डिड फ्रान्स!"

आज विश्वस्त देशमुखकाका रिकामं ताट घेऊन रांगेत माझ्या मागे. हळूच म्हणाले, "काय गं, आपला नंबर येईपर्यंत मोदक उरतील ना?"

अगदी हाच प्रश्न मी नऊ वर्षं मनातल्या मनात गिळलाय.