वॉर्निश न दिलेली कॉइल

अण्णा, तुमच्या गिटारने गेला महिनाभर माझा जीव खाल्ला आहे आणि भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. इथे ऑकलंडला आमच्या हॉस्पिटलातल्या चौघांचा एक बँड आहे. हसू नका. ड्रमवर फिजिओथेरपिस्ट, बेसवर भूल देणारा डॉक्टर, ऱ्हिदमवर एक नर्स आणि मुख्य गिटारवर फार्मसीतली मी, या वयात. समुद्रावरच्या एका क्लबात रविवारी वाजवायचं होतं, सर्फ रॉक. शब्द नाहीत, नुसती भरभर पळणारी गिटार, आणि आवाज अँपमधल्या स्प्रिंगांतून फिरवून काढायचा म्हणजे तो ओला लागतो. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मध्यंतरानंतर तुम्ही वाजवायचात ना, तेच. सांगलीत त्याला कुणी सर्फ म्हणत नव्हतं, ‘ती फास्ट धून’ म्हणायचे आणि शिट्ट्या मारायचे. मला ती धून तुमच्याच गिटारवर आणि तुमच्याच आवाजात वाजवायची होती. एवढीच हौस, पण तिने नाकी नऊ आणले.

आधी तारांवरून डोकं फिरलं. तुमच्या वेळी तारा म्हणजे मिळतील त्या. मळल्या की तुम्ही त्या उतरवून चहाच्या पातेल्यात उकळायचात. अजून दिसतं मला, आई कपाळावर हात मारून म्हणते आहे, “अहो, त्याच पातेल्यात उद्या पाहुण्यांचा चहा करायचाय मला!” आणि तुम्ही चिमट्याने तार उचलून पंच्याला पुसत मला सांगता आहात, “नवीकोरी झाली बघ.” इथे दुकानात भिंतभर पाकिटं आहेत आणि प्रत्येकाचं त्यावर मत आहे. पातळ तारा लावल्या, त्या नुसत्या चिरचिरल्या. जाड लावल्या, तर बोट सरकलं की खरखर. मग कुणी म्हणालं, चपटं वेटोळं असलेल्या घे, गुळगुळीत असतात. त्या घेतल्या, त्याही जाड, आणि लावताना एक तुटून हाताला लागली. पण अखेर तो गोल, भरीव, टणक आवाज आला. आता जमलं, असं वाटलं आणि मी अँप मोठा केला. गिटारने अशी शिट्टी मारली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

शिट्टी तारांखालच्या पिकअपची, तारांचा आवाज पकडून अँपला देणाऱ्या त्या तुकड्याची. चुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार, तुम्ही स्वतः गुंडाळलेली, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, दोन पंख्यांच्या कामाच्या मधे. मी शाळेतून येऊन स्टुलावर बसले आहे. पंख्याच्या कॉइलला तुम्ही वॉर्निश पाजता आहात, पिकअपच्या कॉइलला मात्र नाही. मला वाटलं विसरलात, म्हणून मी ब्रश उचलला तर केवढ्याने ओरडलात, “ठेव तो खाली! वॉर्निश दिलं की आवाज मरतो.” दुकानात गिऱ्हाईक होतं. मला रडू आलं होतं, पण वाक्य पाठ झालं, आणि ड्रमवाल्यालाही मी तेच ऐकवत राहिले. प्रॅक्टिसला प्रत्येक धुनेत शिट्टी. तो बिचारा सभ्य माणूस, नुसता डोळे मिटून घ्यायचा. माझी मुलगी मात्र स्पष्टवक्ती आहे. मी मराठीत चिडले आणि ती इंग्रजीत म्हणाली, “मम, जस्ट चेंज इट. इट्स हीप्स ओल्ड.” हीप्स म्हणजे इथल्या भाषेत फारच.

शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेले. तो पापाकुऱ्याला आणि मी अल्बनीला, म्हणजे अख्खं ऑकलंड ओलांडायचं. त्याने गिटार अँपला लावली, स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर टकटक केलं. अँपमधून टकटक आली. मग तो वाकला आणि तारांशी तोंड नेऊन म्हणाला, “किया ओरा!”, म्हणजे इथला माओरी नमस्कार, आणि अँपमधून त्याचा आवाज घुमला. अण्णा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते तुमचं होतं. मंडपात माईक बंद पडला की तुम्ही गिटारवर वाकून म्हणायचात, “हॅलो, रसिकहो, ऐकू येतंय का?” आणि सगळा मंडप हसायचा. मला वाटायचं ही जादू जगात फक्त माझ्या बापाला येते. हा माणूस शांतपणे सांगतो की कॉइल मोकळी राहिली की ती थरथरते, बोललेलं पकडते आणि शिट्टीही मारते. दोष आहे म्हणे. गरम मेणात बुडवून वेटोळी घट्ट करतात, पण ही तार इतकी कुजली आहे की मेणात तुटेल. नवा बसवू का? मी पाच मिनिटं वाद घातला, वॉर्निशचं तुमचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. “ही वॉझंट राँग,” तो म्हणाला. “पण मग अँप हळू ठेवावा लागतो.” रविवार तोंडावर आला होता. मी हो म्हटलं.

नवा पिकअप लावून क्लबात वाजवलं. लोक जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, वाळूत काढून नाचले, ड्रमवाल्याने डोळे उघडे ठेवले, मुलगी “स्वीट अ‍ॅज, मम!” म्हणून ओरडली, म्हणजे झकास. आवाज मला हवा होता तोच आला, तुमच्यापेक्षाही स्वच्छ. मला त्याचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. आनंद झाला नाही असं नाही, पण रागच जास्त.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून खरं सांगते. नव्या पिकअपचा आवाज वाईट यावा असं मला वाटत होतं. पोस्टर लावून बोलावलेल्या लोकांसमोर फजिती झाली असती तरी चाललं असतं, पण तुम्ही बरोबर ठरला असतात. आज सकाळी घरात कुणी नव्हतं. मी अँप लावला, गिटारवर वाकले आणि म्हटलं, “अण्णा, ऐकू येतंय का?” अँपमधून काहीच आलं नाही. चांगल्या पिकअपचं हेच लक्षण आहे म्हणे.