लेकीला कुठल्या शाळेत घातलं ते

अण्णा, तुमची नात आता पहिलीत जाते. तुम्ही तिला पाहिलं नाही, म्हणून तिच्या शाळेबद्दल तुम्हाला सांगावं असं कितीदा मनात येतं आणि तुमच्याच भीतीनं मागं पडतं. तुम्ही रागवाल ही भीती नाही. तुम्ही काहीच न बोलता उठून देवळाकडे चालू लागाल, ती भीती.

तुम्ही मला सिस्टरांच्या शाळेत घालायला नेलं तो दिवस मला अजून दिसतो. सकाळचा अभिषेक उरकून तुम्ही तसेच निघालेले, धोतर, उघडे खांदे पंच्यानं झाकलेले, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. फाटकाच्या आत मेरीची मूर्ती आहे. तुम्ही चपला काढता, हात जोडता आणि मलाही जोडायला लावता. ऑफिसातली सिस्टर केरळची, मराठी अडखळत बोलणारी. ती फीचं सांगते, ड्रेसचं सांगते, तुम्ही मान हलवता आणि शेवटी एकच विचारता, "आमच्या लेकराला मारणार न्हाई ना?" ती म्हणते, "ओरडणार. मारणार नाही." "मंग घ्या लिहून," तुम्ही म्हणता.

गावात बोलणं झालंच. देवळाच्या पंचांपैकी एकजण आपल्या ओसरीवर येऊन बसला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, मी तिच्या शेजारी. "पुजारी, तुमी महादेवाची सेवा करून राहिले अन् पोरगं त्यायच्या शाळंत? उद्या गळ्यात क्रॉस घालून येईल." तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या घरचा देव एवढा कच्चा न्हाई." त्या वर्षी श्रावणातली पूजा तुमच्याकडून काढून चुलत्याला दिली, हे मला आईनं फार नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की त्या महिन्यात तुम्ही दिवसभर घरी असायचात आणि मला पाढे म्हणायला लावायचात. शाळेतून मात्र काढलं नाहीत. तिथं शिकलो म्हणून आज हिंगोलीत कचेरीत खुर्चीवर बसतो.

आता माझं ऐका. लेकीच्या शाळेचं आम्ही दोघांनी खूप दिवस घोळवलं. घराजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथल्या बाई जीव लावून शिकवतात. सिस्टरांची शाळा लांब, पण इंग्रजी पक्कं, आणि माझी ओळखीची. सून तुमची दोन्हीकडे जाऊन वर्गात बसून आली. शेवटी ती म्हणाली, "तुमी शिकलात तिथंच घालू. बस दारात येती." मी हो म्हणालो. आमचं ठरलं होतं, अण्णा.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी साहेबांनी विचारलं, लेकीच्या शाळेचं काय केलं? मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "पुजाऱ्याच्या घरातलं लेकरू, सिस्टरांकडं थोडीच घालतील. आता दिवस पहिल्यासारखे न्हाईत." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी माझी पूजा काढून घेणार नव्हतं. आणि मी हसून म्हणालो, "छे हो, आपली मराठी शाळाच बरी. संस्कार पाहिजेत ना." चहा संपायच्या आत तुमच्या नातीची शाळा बदलली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, बसचा रस्ता खराब आहे, लेकरू दमेल. ती म्हणाली, "रस्ता काल तर बरा होता की." मी तिच्यावर ओरडलो. तुम्ही आईवर कधी ओरडलेलं मला आठवत नाही.

लेक आनंदात आहे, हे आधी सांगायला हवं होतं. दुकानांच्या पाट्या वाचत चालते, बाईंचं नाव दिवसभर तोंडात. शाळा चांगलीच निघाली, आणि त्यामुळे मला कुठं तोंड लपवायलाही जागा उरली नाही. कारण स्नेहसंमेलनात हेडमास्तरांनी मला स्टेजवर बोलावलं. स्वतः कॉन्व्हेंटात शिकलेला माणूस लेकीला आपल्या शाळेत घालतो, असं म्हणून शाल-नारळ दिला. मी माईक हातात घेतला आणि मातृभाषेवर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या रांगेत तुमची सून बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं जवळा बाजार गावच्या बाजाराला गेलो, तिथं ऑफिसातली तीच सिस्टर भेटली. फार म्हातारी झालीय, मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होती. मी ओळख दिली नसती, तिनंच हाक मारली. लेक कुठल्या शाळेत म्हणाली. मी सांगितलं. "तिथल्या बाई छान शिकवतात," ती खरंच खूश होऊन म्हणाली, आणि तुमची चौकशी केली. तुम्ही गेलात हे तिला माहीत नव्हतं. तिथंच, भाजीवालीसमोर, तिनं डोळे मिटून तुमच्यासाठी काहीतरी पुटपुटलं. तेवढा वेळ मी कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मागं वळून पाहत होतो.

हे बायकोनं पाहिलं. परतताना गाडीवर मागं बसून तिनं कानाशी विचारलं, "त्या दिवशी कचेरीत कुणी काही म्हणलं होतं ना? भ्यालात तुमी?" मी म्हणालो, हवेत काही ऐकू येत नाही.

ऐकू आलं होतं, अण्णा. आणि व्हय, भ्यालो. हे तिला सांगायचं होतं, ते तुम्हाला लिहून बसलो, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.