अहो, टोब मेला होता ना!

अहो,

मागच्या रविवारी मी अर्ध्या सिनेमातून उठून बाहेर आले. तुम्हाला दिलेला शब्द मोडून आले. तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून काल सकाळी गुरुजींकडे गेले आणि सरळ विचारलं, दहाव्याला घाटावर जे कबूल केलं ते पुरं नाही केलं तर काय होतं? त्यांनी पंचांग मिटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, शब्द तुम्ही त्यांना दिला होता, मला नाही. त्यांनाच विचारा."

घ्या! म्हणजे आता तुम्हालाच विचारायला हवं. म्हणून हे पत्र. उत्तर येणार नाही ते माहीत आहे. जिवंतपणी तरी कुठे धड उत्तर देत होतात? पेपरातून डोकं वर न काढता 'हूं' म्हणायचात.

राग आलाय मला, आधीच सांगते. थोडा तुमच्यावर, थोडा निलेशवर. आणि त्या आकाशगड सिनेमावाल्यांवर तर असा आलाय की समोर असते तर लाटणं घेऊन गेले असते!

दहावा आठवतोय? तुम्हाला आठवायला हवा, तुम्हीच तर उंबरावर बसून होतात. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं दोघेतिघे कुजबुजले, तरी मी आले होते. पातळगंगेच्या काठी पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही खाली येईना. निलेश म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. भाऊजी म्हणाले, पोशीरच्या शेतावरून भांडणार नाही. कावळ्याने पाठ फिरवली. तुमचे कंपनीतले मित्र म्हणाले, कागदपत्रांचं सगळं मी बघतो. तरी नाही. आईंनी पदर पसरला. "पोरा, तुजं काय राह्यलं रं? आमाला सांग तरी!" ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं. सहावा भाग! तुमच्या कॅलेंडरवर लाल गोल केलेला, दहाव्यानंतर दोनच दिवसांनी लागणार होता तो. मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, आकाशगडचे राहिलेले भाग मी बघीन! शेवटपर्यंत बघीन! काय होतं ते येऊन सांगीन!"

शब्द तोंडातून पडायचा अवकाश, तुम्ही खाली उतरलात आणि पिंडाला चोच मारलीत. आई म्हणाल्या, "ह्ये कंचा गड आनि?" कुणाला काही कळलं नाही. निलेश तेवढा रडता रडता हसला.

दुसऱ्या बायका काय कबूल करतात हो? मुलाचं लग्न लावून देईन, देवाला जाऊन येईन. एकदा केलं की सुटल्या. मी काय कबूल केलं? जे संपतच नाही ते शेवटपर्यंत बघायचं! आहे का माझ्यासारखी शहाणी दुसरी कोणी कर्जत-खालापुरात?

या नादाला लावलंत तुम्ही मला. पहिली पाळी करून रसायनीहून यायचात, चहा घ्यायचात आणि केबलवर हिंदीतला आकाशगड लावायचात. मी तांदूळ निवडत बसलेली. हा कोण, तो का मेला, ही बाई टक्कल करून का फिरते, असं विचारलं की म्हणायचात, "गप बस गं, बघ आदी!" मला वाटायचं, पोरांचा खेळ आहे. ग्रह बुडालेली नऊशे माणसं एका उडत्या गडावर राहतात म्हणे! मग तिसऱ्या भागात त्यांची पाण्याची टाकी फुटली आणि कप्तानबाईला ठरवावं लागलं की आज पाणी कुणाला द्यायचं. गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मला पत्ता नाही. तुम्ही माझ्याकडे बघून मिशीत हसलात. त्या दिवसापासून मी अडकले ती अडकले.

तुमचं लक्ष मात्र कप्तानबाईवर कधीच नव्हतं. तुमचा जीव त्या म्हाताऱ्या मेकॅनिकवर, टोबवर. तो पडद्यावर आला की चहा खाली ठेवायचात. "पाना कसा धरलाय बघ. अंगठा बघ कुठं हाय. ह्यानं खरंच कुठंतरी काम केलेलं हाय!" आणि दुसऱ्या कुणी व्हॉल्व उलटा फिरवला की तुमचा फिटर जागा व्हायचा आणि पडद्यालाच शिव्या घालायचात. तीस वर्षं पाइपलाइनवर काढलेला माणूस तुम्ही. टोब म्हणजे तुम्हाला आपल्याच खात्यातला वाटायचा.

पाचव्या भागात तो गेला. पाळी संपवून आला, बाकावर बसला, एक बूट काढला, दुसरा हातातच राहिला. ना गाणं, ना भाषण. तुम्ही डोळे पुसून म्हणालात, "असं मरायला मिळालं पायजे." मी खेकसले होते, शुभ बोला काहीतरी!

आणि तुमचंही अगदी तसंच झालं. शिळफाट्याला, दुपारी, कंपनीच्या बसची वाट बघत, मांडीवर डबा. ड्रायव्हरला वाटलं डुलकी लागली. एवढं मनावर घ्यायचं असतं का हो सिनेमाचं?

असो. मी शब्द पाळला. सगळं बघितलं आणि प्रत्येक वेळी घरी येऊन तुमच्या फोटोसमोर बसून सांगितलं. तेव्हा जरा जपून सांगितलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आता खरं मत ऐका.

सहावा भाग भिकार! ती झाडूवाली पोरगी आठवते, चौथ्या भागात गडाचं सुकाणू हातात घेते ती? तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्यात. सहाव्यात कळलं की ती म्हणे बुडालेल्या ग्रहाच्या राजाची नात! का? झाडूवालीची पोर स्वतःच्या अकलेवर गड चालवते, हे या लोकांना पचत नाही? रक्तात राजा असल्याशिवाय कुणाला काही जमतच नाही का जगात? तुम्ही फिटर झालात ते कोणत्या राजाचे नातू म्हणून? माझं तर डोकंच फिरलं होतं.

मग मालिका काढली. आठ भाग! कशावर? तर खलनायकाने ते लोखंडी बूट कुठून आणले यावर. अहो, घातले त्याने बूट, विषय संपला! एक वाटी डाळ आणि त्यात पातेलंभर पाणी. तरी बसले, कारण कबूल केलं होतं. मग दुसरी मालिका, कप्तानबाईच्या लहानपणाची. तिच्या टकलाचं कारण समजलं. मला नको होतं समजायला. ती टक्कल करते कारण ती करते, एवढं मला पुरे होतं.

आणि खरी कमाल बघणाऱ्या लोकांची! निलेशच्या मोबाईलवर बघते ना मी, लाखो माणसं शिव्याही घालतात आणि पहिल्या दिवशी रांगेतही उभी राहतात. त्यांना कुणाच्या पिंडाची सक्ती आहे? मला तरी होती.

तर रविवारी सातवा लागला. निलेश मला पनवेलला घेऊन गेला. मध्यंतरानंतर गडाचं इंजिन बंद पडलं, सगळा अंधार, आणि अंधारातून एक हात आला. हातात पाना. मला कळलंच.  उजेड झाला आणि टोब उभा! तरणाताठा, केस काळे, गाल गुळगुळीत. टोबचं काम करणारे ते म्हातारे गृहस्थ कधीचेच वारलेत हो! कॉम्प्युटरवर त्यांचा चेहरा बनवून दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चिकटवलाय. सगळं थिएटर शिट्ट्या मारतंय, आणि मला दिसतोय तो अंगठा. अंगठा चुकीच्या जागी होता. आयुष्यात पाना धरला नाही अशा माणसाचा हात होता तो.

मी उभी राहिले आणि बोंबलले, "अरे, मेला होता ना तो! बाकावर बसून मेला होता! मी बघितलाय!"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, खाली बसा ना." मी नाही बसले. पर्स घेतली आणि निघाले. निलेश मागून धावत आला. "आई, काय हे? एवढं काय चिडायचं? सिनेमा आहे तो." 

आता कालचं सांगते. हे सांगायला जड जातंय.

काल संध्याकाळी निलेश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "श्राद्धाच्या दिवशी दाखवणार होतो, पण तू अशी बसलीयस म्हणून आत्ताच दाखवतो. रागावू नकोस." आणि मोबाईल पुढे धरला. माथेरानचा तुमचा निळ्या शर्टातला फोटो. मी म्हटलं, हा तर भिंतीवरच आहे. तेवढ्यात फोटोने पापणी मिटली. मान हलवली. हसला. म्हणाला, "सुनंदा, तू कशी आहेस? मी इथे आनंदात आहे. माझी काळजी करू नकोस."

सुनंदा! पंचवीस वर्षांत एकदा तरी नावाने हाक मारलीत का मला? "काय गं, च्या टाक" हे तुमचं प्रेम. आणि तुमचा तो वाकडा पुढचा दात, तो सरळ केला होता मेल्यांनी!

खोटं कशाला सांगू, तीनदा बघितलं मी ते. पहिल्यांदा बघून मोबाईल उपडा ठेवला. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "तू कशी आहेस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी हाय." मी उत्तर दिलं हो! त्या सरळ दाताच्या माणसाला! 

मग निलेशवर जी बरसले, शेजारच्या वहिनी दारात आल्या. नको नको ते बोलले. बापाचा बाहुला केलास, म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "आई, बाबांचा आवाज मला आता आठवत नाही. किती आठवलं तरी येत नाही."

 बसले त्याच्याजवळ. तुमची नक्कल करून दाखवली. व्हॉल्व उलटा फिरवला की कसे ओरडायचात ते. जेवताना मिरची लागली की कसं 'हाऽऽ' करायचात ते. माझ्या तोंडी तुमचा आवाज काही बरा नाही लागत. पण पोरगा हसला आणि रडला, आणि ते मोबाईलमधलं त्याने आपणहून पुसून टाकलं. मी सांगितलं नव्हतं.

आज सकाळपासून विचार करतेय की टोबवर मी एवढी का उखडले. सांगते. तो परत आला आणि तुम्ही नाही आलात. एवढंच आहे ते. आणि दुसरंही आहे. ते भाग भिकार होते, तरी पुढचा येणार म्हटलं की मला आतून बरं वाटायचं. तुम्हाला सांगायला काहीतरी उरायचं. गोष्ट संपली तर फोटोसमोर बसून बोलू काय, याची मला धास्ती होती. म्हणजे त्या लोकांनी गोष्ट लांबवली, तशी मीही लांबवलीच की! त्यांना नावं ठेवताना हे कबूल केलेलं बरं.

आठवाही येणार म्हणतात. येऊ दे नाहीतर अठरावा येऊ दे, मी जाणार नाही. शेवटपर्यंत बघीन म्हटलं होतं, आणि शेवट कुठला ते आता मी ठरवणार. पाचव्यात संपलं सगळं. पुढचं मी नुसतंच सोसलं. तुम्हाला पटत नसेल तर या परत उंबरावर आणि बसा रुसून, मी घाबरत नाही.

त्या जुन्या शब्दाच्या बदल्यात नवा देते, आणि हा मोडणार नाही. तुमचा वाकडा दात कुणाला सरळ करू देणार नाही. तुमच्या तोंडी कुणाचे शब्द घालू देणार नाही. निलेशच्या पोरांना तुमच्याबद्दल मी माझ्याच बेसूर आवाजात सांगीन आणि सांगताना 'होते' म्हणेन, 'आहेत' म्हणणार नाही. चार वर्षं मी हे वाक्य कुठे बोलले नाही की लिहिलं नाही, आज लिहिते. तुम्ही गेलात.

तुमची,
काय गं