बाईसारखा

उमरगा, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून गरम आहे, पण आज रागानं नाही. शाळेच्या गॅदरिंगसाठी स्पीकर लावायला गेलो होतो, तालीम चालू होती. नववीतला एक पोरगा मुलींच्या रांगेत जोगवा नाचत होता. लई सुंदर! तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, "ए बायल्या!" सगळे खिदळले. पोरगा थांबला आणि पायातली घुंगरं सोडायला खाली बसला.

माझ्या मुठी वळल्या. ह्याच शब्दापायी एकाचा दात पाडून मी कॉलेज सोडलंय.

पण मराठीच्या बाई पुढं झाल्या. आवाज जरासुद्धा चढवला नाही. ओरडणाऱ्याला विचारलं, "तू मला काय म्हणतोस रे?"

"बाई."

"मग बायल्या म्हंजे माझ्यासारखा. त्यात हसण्यासारखं काय हाय, सांग की सगळ्यांना."

तो मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं, बाई."

"मला नको, त्याला म्हण."

त्यानं म्हटलं. पोरगा उठला, पुन्हा रांगेत जाऊन नाचला.

आवाज चढवला नाही, हेच सारखं आठवतंय. माझ्या वर्गात अशा बाई असत्या तर? शाळेपासून सोबत असलेल्या सचिनवर माझा जीव आहे, हे त्याला केव्हाच सांगितलं असतं का मी? काय माहीत.

आत्ता सांगितलं. मेसेज गेला. त्यानं वाचलाय, आणि काहीतरी लिहितोय.