निवड मालकिणीची

आत्याबाई,

या महिन्यात घरात काय काय आलं ते आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर आधी तेच विचारलं असतं. सरकी पेंडीचं एक पोतं आलं, साडेसतराशेला. दुकानदार अठराशेवरून हलत नव्हता, मी पिशवी उचलून चालायला लागले तेव्हा उतरला. तुरीचं भूस घरचंच, पण शेतातून आणायला ऑटोवाल्यानं दीडशे घेतले. जंताचं औषध साठ रुपये. गूळ एक किलो, तो बाळंतिणीच्या घुगऱ्यांत घालायला, बाजरी डब्यातली. आणि काल एकादशीला सकाळी गोठ्यात दोन करडं आली. एक बोकड, एक पाट. नर-मादीची जोडी, दोन्ही काळीभोर, पाटीच्या कानावर तेवढा पांढरा ठिपका. यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची ते मला कळेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, उठते, गोठ्यात जाऊन पाटीला बघते, परत येते. जपातसुद्धा मन लागत नाही. माळ एकीकडं, कान गोठ्याकडं.

कारण शेळी माझी नाही. तुमच्या शेळ्या आयुष्यभर जिनं राखल्या, त्या वस्तीवरच्या म्हातारीच्या सुनेची ती शेळी. म्हातारी तुमच्या मागोमागच गेली, तुम्हाला तिकडं भेटली असेल. तिच्या सुनेची शेळी मी अर्धलीनं घेतली आहे. तुमच्या वेळी शेळी आपली, राखणं वस्तीचं आणि होणारी करडं निम्मी-निम्मी. आता शेळी वस्तीची आणि राखणं माझं. ऐकून तुम्ही पदर सावरून उठून बसला असाल, मला इथून दिसतंय.

झालं असं. सप्ताहाच्या महाप्रसादाचे पैसे उरतात ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या वेळी त्यातून मंदिराला भांडी यायची, आणि वस्तीवरच्या बायांना लुगडी. तुम्ही स्वतः वाढायला उभ्या राहायच्या, वस्तीची पंगत शेवटी बसायची, पण बुंदी त्यांच्या पानात कमी पडली असं कधी झालं नाही. "वाढताना हात आखडू नगं गं," असं मला सगळ्यांसमोर बोलला होतात, लग्नानंतरच्या पहिल्याच सप्ताहात, मी एकेकच पळी वाढत होते म्हणून. तो हात मी त्या दिवसापासून आखडला नाही. पण इतकी वर्षं वाढून वस्ती आहे तिथंच आहे, हे मला दिसायला लागलं. पत्रावळी उचलल्या की पुण्य आपल्या पदरात आणि भूक दुसऱ्या दिवशी परत त्यांच्या दारात. आपल्या गल्लीत मागच्या पिढीची जमीन पुढच्या पिढीला मिळते. वस्तीत मागच्या पिढीचं पुढच्या पिढीला काय मिळतं? ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आणि कोयता. जातीचं अंतर मंदिरात बोलून मिटवता येतं, असं कीर्तनात सांगतात. पण ज्याच्याकडं मागचं काहीच नाही त्यानं पुढं काय वाढवावं, हे कोणी सांगत नाही.

म्हणून गेल्या साली मीच भजनाच्या बायांना म्हटलं, यंदा लुगडी नकोत, शेळ्या देऊ. जिंतूरच्या बाजारातून गाभण शेळ्या आणल्या. दसऱ्याला ओवाळून, हळदीकुंकू लावून वस्तीवरच्या बायांच्या हातात दोर दिले, फोटो काढले. केवढं मोठं काम केलं असं वाटलं. आणि दसऱ्यानंतर आठ दिवसांत ऊसतोडीची गाडी आली. दरसाल येते. दसरा झाला की वस्ती रिकामी होते हे शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि आम्हा शहाण्या बायांना आठवलं नाही, कारण आमचं दान आमच्या सणाच्या दिवशी व्हायचं होतं. शेळी घेऊन ट्रकात कसं चढणार? निम्म्या किमतीत विकल्या सगळ्यांनी. त्यातल्या दोन कुणी घेतल्या सांगू? आपल्या जाऊबाईंनी. त्यांनी स्वतः ओवाळलेल्या शेळ्या, आठ दिवसांनी त्यांच्याच गोठ्यात. "मग काय खाटकाला जाऊ द्यायच्या व्हत्या?" म्हणाल्या. बोलण्यात त्यांना कोण हरवणार.

यंदाही शेळ्याच दिल्या, आणि यंदाही दसऱ्यालाच, कारण बाया ऐकेनात. तिसऱ्या दिवशी म्हातारीची सून दोर धरून आपल्या अंगणाच्या कडेला उभी.

"बाई, आमी परवा निघालाव. ही ठिवता का तुमच्या गोठ्यात?"

"ठेवते की. त्यात काय. आलीस की घेऊन जा."

"तसं नगं. अर्धलीनं ठिवा."

मला हसू आलं. "अगं, मला कशाला निम्मं? देवाच्या नावानं दिलेली शेळी. तशीच राखीन."

ती हसली नाही. "फुकट ठिवली तर मी इचारू कशी? तुमी मेली म्हणलाव तर मला गप बसावं लागंल. अर्धलीनं असली म्हंजी फोन करून भांडता येतंय."

आत्याबाई, इतक्या वर्षांत वस्तीवरची कोणी बाई माझ्याशी भांडायचा हक्क मागेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मागितल्यावर तो बरोबर आहे हेही लगेच कळलं. मी चहा टाकला. तुमच्या वेळी म्हातारीचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा, तो अजून तिथंच आहे, दांडी तुटलेला. मी घरातल्या कपात दिला. ती पायरीवर बसून प्याली, दोर माझ्या हातात दिला आणि गेली. ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत जाऊबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "कप इसळला का न्हाई?" आणि रात्री जेवताना तुमचा लेक: "म्हणजे आता आपल्या घरची बाई वस्तीची राखोळी झाली. पगार किती ठरला?" मी म्हटलं, "अर्धा बोकड." तेव्हा हसले खरे, पण भाकरी मोडायची थांबले होते.

तुम्हाला आठवतं का, लग्नाच्या पहिल्या साली तुम्ही मला याच गोठ्यात आणलं आणि एका पाटीचा दोर माझ्या हातात दिलात. गळ्यात घुंगरू होतं. "मॅट्रिक झालीस ना? मग हिचा हिशेब तुझा तू ठिव. तुझ्या नवऱ्याला सुदिक इचारायचं न्हाई." माहेरहून आलेलं सगळं तुमच्या कपाटात गेलं होतं, ही एवढी एकच गोष्ट माझी. त्या एका पाटीपासून माझ्या हातातल्या बांगड्या झाल्या, पुढच्या खोलीची फरशी झाली, थोरल्याची परभणीच्या कॉलेजातली पहिली फी झाली. राखायची मात्र म्हातारी. दर वेताला ती करडं घेऊन अंगणात यायची आणि तुम्ही पायरीवरून बघायच्या. पाट आपल्याकडं, बोकड तिच्याकडं. एकदा तिनं पाट छातीशी धरली होती, खाली ठेवत नव्हती. "माय, एक डाव पाट द्या की." आणि तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "निवड मालकिणीची. पहिल्यापासून तसंच हाय." तिनं पाट खाली ठेवली. मग तुम्ही मला हाक मारून तिच्या पदरात पायलीभर ज्वारी घालायला लावलीत. मी घातली, हात न आखडता.

मोजलं तर तिला निम्मंच मिळालं, तुम्ही एक करडू कधी लपवलं नाही. पण बोकड जत्रेला विकला की संपतो. पाट राहते, तिला पाट होते, त्या पाटीला पाट. आपला गोठा भरत गेला आणि म्हातारी शेवटपर्यंत आपल्याच शेळ्या राखत राहिली. तुम्ही ज्वारी दिलीत, लुगडी दिलीत, तिच्या दुखण्यात डॉक्टर दिलात. पाट दिली नाहीत. आणि हे मला इतकी वर्षं हिशेब ठेवून दिसलं नाही. काल दिसलं, तेही त्या सुनेचा फोन आला तेव्हा.

उसाच्या फडातून फोन. मागं ट्रॅक्टरचा आवाज, पोरं रडताहेत. "बाई, याली का?"

"व्याली. दोन आहेत. एक बोकड, एक पाट."

"मंग पाट माझी," ती म्हणाली, श्वाससुद्धा न घेता. "निवड मालकिणीची. सासू सांगायची आमची."

माझी नजर पाटीकडं गेली. "गप का झालाव बाई?" म्हणाली आणि हसायला लागली, अगदी मोकळं. मीही हसले, पण ते हसणं दातांपर्यंतच होतं.

काल दुपारपासून जाऊबाईंनी कान खाल्लेत. "पेंड तू आणायलीस, शेण तू काढायलीस अन् पाट तिची? नेम बदल आता. राखंल त्याची पाट म्हण." मी म्हटलं, आपल्या वेळेला का नाही बदलला? तर म्हणतात, "तवाचं तवा. न्हाईतर पाट दगावली म्हणून सांग, फडातून काय दिसतंय तिला?" आणि वर हसतात. त्यांची भीती मला कळते. वस्तीवरच्या चार बायांचं या पाटीकडं लक्ष आहे. ही जगून त्या सुनेच्या दारात गेली तर पुढच्या दसऱ्याला त्याही दोर घेऊन येतील, कुणाच्या ना कुणाच्या अंगणात. नाही गेली तर पुन्हा निम्म्या किमतीचा बाजार. भजनात टाळ वाजवताना बाया माझ्याकडं बघतात ते यासाठीच. आणि तुमचा लेक आज सकाळी करडाला मांडीवर घेऊन बसले होते. पाटीला, बोकडाला नाही.

माझा माझ्यावरच भरवसा उरेना, म्हणून आत्ता पेटी उघडली. माझ्या पहिल्या पाटीच्या गळ्यातलं तुमचं घुंगरू अजून होतं, चिंच लावून घासलं. नवीन दोऱ्यात ओवून या पाटीच्या गळ्यात बांधलं आणि कानाचा पांढरा ठिपका दिसेल असा फोटो काढून त्या सुनेला पाठवला. आता दगावली म्हणायची सोय राहिली नाही. म्हणूनच पाठवला. चांगुलपणा म्हणून पाठवला असं तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पाट मला हवी होती, आत्याबाई. अजून हवी आहे. बोकड माझा आहे, गुटगुटीत आहे, आणि त्याच्याकडं बघायला मी एकदाही उठले नाही.

तिकीट आणलेलं नाही, पत्ता नाही तिथं पाच रुपये कशाला घालवायचे. हे पत्र त्या कोनाड्यात, दांडी तुटलेल्या कपात ठेवते. एवढंच विचारायचं होतं: हा नेम तुम्ही केला, का तुमच्या सासूबाईंनी, का पहिल्यापासून तो आपल्याच बाजूचा होता? आणि त्या दिवशी म्हातारीनं पाट खाली ठेवली तेव्हा तुम्हालाही गोठ्याकडं परत परत जावंसं वाटलं होतं का? उलट टपाली कळवा.